इंदिरेच्या न्यूट्रॉनची चौकशी

(राजेश्वर गाव, १९८६. भीमराजशी साखरपुडा झालेल्या इंदिरेच्या घरी, तिची आई शोभाबाई हिच्याकडे, तिची होणारी सासू राजूबाई खजुरीहून एकटीच आली आहे.)

राजूबाई : तसं न्हाई अक्का, मी भांडायला आले न्हाई. रशियातली ती अणूची भट्टी फुटली, रेडिओवर आलं की. तवापासून आमच्या गावात जो तो विचारायलाय, तुमची सून तसल्याच कामाला हाय म्हणं.

शोभाबाई : भट्टी न्हाई वो. फ्रान्सला कॉलेजसारखंच काय तरी हाय. इंदिरा, सांग की.

इंदिरा : आत्या, आम्ही लिथियमचे अणू घेतो. हलका धातू असतो तो. अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात न्यूट्रॉन नावाचे कण जास्तीचे भरले, की ते टिकत न्हाई, फुटतं. कसं फुटतं ते आम्ही बघतो.

राजूबाई : फुटतं म्हंजे बाँबच की.

इंदिरा : न्हाई. पापणी लवायच्या आत संपतं, आवाजसुद्धा न्हाई. आम्ही जाड भिंतीच्या पलीकडं बसतो. छातीला बिल्ला असतो, किरण लागले तर त्यात दिसतात. माझ्या बिल्ल्यात काही आलं न्हाई.

राजूबाई : संपून जातंय, तर मग बघायलीस काय?

इंदिरा : बाहेर पडलेले न्यूट्रॉन. एक पडतो, पण कधी कधी दोन एकदम पडल्यासारखे दिसतात. सर म्हणतात, एकच कण दोन यंत्रांत शिरून दोनदा मोजला जायलाय. मला पटत न्हाई. पण ते चुकले असंही म्हणता येईना. थंडीत तिकडं परत मोजायला मशीन मिळणार आहे.

राजूबाई : थंडीत तर लगीन धरलंय.

शोभाबाई : तेच सांगायले हिला, जाऊ नको म्हणून.

राजूबाई : थांबा अक्का. पोरी, सरळ विचारते. तुला लेकरं होतील का?

शोभाबाई : हे काय विचारणं झालं?

इंदिरा : विचारू दे आई. होतील असं वाटतं, आत्या. डॉक्टरांनी काही वावगं न्हाई म्हणून सांगितलंय. पण खात्री मागाल, तर ती मला देता येणार न्हाई.

शोभाबाई : अगं, होतील म्हण की नुसतं. एवढं शिकून तेवढं म्हणता येईना व्हय?

राजूबाई : भीमराजच्या आधी माझी दोन गेली, अक्का. पोटातच. सासू म्हणायची, हिच्या अंगातच खोट हाय. मी तर कुठल्या मिशनीजवळ गेले नव्हते.

शोभाबाई : आमाला ठाऊक नव्हतं.

राजूबाई : कुणाला सांगायचं? बसमध्ये बसले ती सोयरीक मोडायचं मनात घेऊनच. भीमराजला बी सांगितलं न्हाई. आता डोकंच चालंना. होतील म्हणली असतीस, तर खोटं बोलायली म्हणून उठले असते.

इंदिरा : मग आता?

राजूबाई : जा, मोजून ये. लगीन उन्हाळ्यात धरू. फकस्त लोक विचारले तर काय सांगू, तेवढं सांग.

इंदिरा : मी काय काम करते ते?

राजूबाई : ते मला आता बी कळलं न्हाई. लगीन कामून लांबलं, ते.

इंदिरा : मलाच अजून कळायचं राहिलंय म्हणून.

राजूबाई : हां. एवढं सांगता येतंय मला.