झाकणाची तिसरी पिन

— नाही, हातोडीच्या खुणा खऱ्या आहेत, ते नाकारून चालणार नाही. हा फोटो बघा ना, पिनचं डोकं कसं चेपलंय. चौकशी समितीने तेवढंच पाहिलं आणि लिहून टाकलं — फिटरने पिन जबरदस्तीने ठोकली, बिजागरीचा कान, म्हणजे पिन जाते ते कडं, तडकला, टाकीचं झाकण त्याच्याच अंगावर पडलं. वाक्य खोटं नाही. म्हणजे — खोटं नाही, पण अर्धं आहे. बसा तुम्ही. तुमचे वडील अजून मला डॉक्टरसाहेबच म्हणतात? कारखान्यात सगळेच म्हणायचे, माझ्या पीएचडीमुळे — एकाने तर तापावर गोळी मागितली होती, तोंड अगदी गंभीर ठेवून, तुमचे वडीलच असावेत. पाय हलतात का आता थोडे? नाही. बरं. बरं कसलं — तसं म्हणायचं नव्हतं मला.

तर त्यांची चूक होती का, हे विचारायला आलात. सांगतो. सरळ उत्तर देता न येणं हा माझा जुना रोग, बायको म्हणायची, तुम्हाला मीठ मागितलं तर समुद्रापासून सुरुवात कराल. त्या कपाटाचं दार बघा. तीन बिजागऱ्या. फिरायला खरं तर एकच पुरते, बाकीच्या दोन आधाराला — पण तिघींनीही घट्ट धरलं आणि एक जरी केसभर सरकली, तर त्या एकमेकींशी भांडतात, दार अडतं. झाकणाचं तेच. साडेतीनशे किलोचं, तीन बिजागऱ्यांचं. असं काही बनवण्याआधी ते संगणकावर हलवून बघतात, नीट उघडतंय का म्हणून. ते हलेना. पडद्यावर सूचना आली, बंधनं जास्त झालीत. पिवळी सूचना होती, लाल नव्हती — लाल असती तर — नाही, लाल असती तरी. उपाय सोपा असतो, मी तीस वर्षं शिकवलेला — मधली बिजागरी घट्ट ठेवायची, कडेच्या दोन सैल करायच्या. चार क्लिक. झाकण अलगद वर गेलं, मी चहा मागवला. आता पडद्यावर सैल केलं की ड्रॉइंगमध्येही त्या दोन भोकांना मोकळीक द्यावी लागते, नाहीतर पडद्यावर चालतं ते झाकण वेगळं आणि कारखान्यात बनतं ते वेगळं. पण ड्रॉइंग आदल्या दिवशीच कारखान्यात गेलं होतं. परत मागवायचं तर लिहून द्यावं लागलं असतं, चुकलो म्हणून — अडुसष्टाव्या वर्षी, सन्मानाने बोलावलेल्या सल्लागाराने —

काय? हो, मीच. ड्रॉइंग माझंच. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, तुम्ही म्हणूनच आलात. वडिलांनी नुसतं 'डॉक्टरसाहेबांना दाखव' एवढंच सांगितलं? एवढंच?

संगणकात लोखंड वाकत नाही हो. कारखान्यात वेल्डिंगच्या तापाने वाकतं. झाकण बसवलं त्या दिवशी मी तिथे होतो. दोन पिना गेल्या, तिसरी जाईना. तुमच्या वडिलांनी ती काढली, फडक्याने पुसली, परत लावून पाहिली, मग माझ्याकडे आले आणि हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "साहेब, हिला जायचं नाहीये. भोक वाढवू का?" भोक वाढवू का — जे मी ड्रॉइंगमध्ये लिहायचं टाळलं होतं, तेच सातवी शिकलेला माणूस मला विचारत होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मॅनेजर शेजारी उभा होता, त्याने विचारलं असतं, मग ड्रॉइंगमध्ये का नाही? मी म्हणालो, "ठोका." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ठोकली. पुढे सहा वर्षं तो कान दर उघडझापीला थोडाथोडा तडकत राहिला असणार. मी त्या काळात दोन व्याख्यानं दिली, याच विषयावर, जास्तीच्या बंधनांवर — टाळ्याही पडल्या.

त्यांनी चौकशीत माझं नाव का घेतलं नाही, हे मला दोन महिने कळत नाहीये. विसरले असतील, असं मी — विसरले असावेत, अशी मी वाट बघत होतो, खरं सांगायचं तर. नाही विसरले? मग काय म्हणतात? ... "डॉक्टरसाहेब चुकीचं सांगणार नाहीत, माझाच घाव वाकडा बसला असेल." असं म्हणतात? रोज?

कागद आत ठेवा. ठेवा म्हणतो ना. लिहून द्यायला माझी हरकत नाही — आहे. हरकत आहे. कॉलेजात माझ्या नावाचं बक्षीस देतात दर वर्षी, फालतू गोष्ट आहे, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाजवळ फालतू गोष्टीच उरतात. तुम्ही समोर आहात तोवर वाटतंय, लिहीन. तुम्ही जिना उतरलात की नाही लिहिणार, हेही मला आत्ताच कळतंय. म्हणून द्या तो कागद, आत्ताच द्या — तारीख काय आज? ... नाही. नाही लिहवत. हाताला काही झालेलं नाही, हात चांगला आहे.

वडिलांना सांगा, डॉक्टर म्हणाले, चूक तशी कुणाचीच नव्हती. — असं बघू नका. बरं, नका सांगू. काहीच सांगू नका. या तुम्ही आता.