पेटीतला बुडबुडा

—ओरडल्यानं बोर्ड पेटत असता सर, तर तुमच्या क्लासच्या आवाजावर अख्खं लातूर उजळलं असतं. बसा. ते वायरीचं बंडल सरकवा आन् बाकावर बसा. उद्या नव्या बॅचचे प्रवेश, आन् आजच तुमचा, उमाशंकर सरांचा, बोर्ड विझला—हाव, कळलं, चारदा सांगितलं तुमी. पण दोष माझ्या पेटीत न्हाई. तुमच्या वाचमननं धूळ धुवायला पाइप मारला असंल. पाणी आन् सहा हजार व्होल्ट—मग काय, आरती करील ती? हदगावला शेताच्या कुंपणाला, रानडुकरांसाठी, माझ्या पेट्या हायत. दोन पावसाळे भिजल्या, अजून झटका देतात. नीलम्माची पेटी अशी पंधरा दिवसांत मरत न्हाई, लिहून घ्या.

फोडून दाखवू? दाखवते की! चाकूनं कापतं हे, खरवसावानी. घाबरू नका, करंट न्हाई आता. घरातली लाइट दोनशेतीसची, ही पेटी तिचे हजारो करती, तवा तुमची काचेच्या नळीतली अक्षरं लाल होतात. म्हणून आत सिलिकॉन ओतायचं. दोन डब्यांतलं दोन पातळ, वजनावर मिसळलं की त्याचं रबर होतं. आता खरी अक्कल कुठं लागती? हवा काढायला! हे जाड काचेच्या झाकणाचं भांडं, हा जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, तो आतली हवा ओढतो. दुधासारखं भसकन वर येतं सगळं, मग धपकन बसतं. तवा कोपऱ्यातनं, सुतासारखी धार धरून ओतायचं. घाई केली की मेलं. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा जरी ऱ्हायला तरी करंट त्यात ठिणग्या पाडत बसतो, रबर जाळत जाळत वाट काढतो, आन् एक दिवस पेटी खलास. तुमाला काय सांगायचं म्हणा! तुमी तर दोनशे पोरं एका हॉलात ओतता, खिडकीला पण प्लायवूड ठोकून. फट म्हणून ऱ्हात न्हाई. तुमचा हात माझ्यापेक्षा साफ.

हे बगा, ही कड—काचेसारखी. ही बगा. आन् हे—

थांबा जरा.

अगं बाई. हे काय... न्हाई, वाकू नका, दिसतंय मला. बुडबुडा हाय. वाटाण्याएवढा. आन् ती काळी रेघ, तीच जळालेली वाट.

वाचमनची माफी मागते, सर. माझंच काम हाय हे. हसू नका पण! हसायच्या आधी ऐका, कारण ह्या बुडबुड्याचे अर्धे धनी तुमी हायात. तुमची पेटी भरायची त्या दिवशी मिसळून भांड्यात ठेवलं, झाकण लावणार, तर तुमच्या हापिसातनं फोन—पालकांनी ताबडतोब यावं. मला वाटलं, पोरीला काय झालं! तशीच पळाले, हातानं सिलिकॉन पुसत. आन् तुमी? दीड तास फाटकाबाहेर बसवलं मला. परत आले तवा शिऱ्यावानी घट्ट झालं होतं ते. फेकायला पायजे होतं. पण तुमचा माणूस दारात उभा—संध्याकाळी बोर्ड पायजे! काडीनं कोंबलं मी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोंबलं. लाज वाटती सांगायला.

कोणती पोरगी? सुकन्या. न्हाई ओळखलं? रोल नंबर एकशे त्र्याऐंशी—बगा, आता लगेच ओळखलं! तीच, जी सारखी उठून दाराशी जाती, “वर्गाची शिस्त बिघडवती”. रविवारच्या टेस्टात मार्क कमी पडले की मागच्या भिंतीला बसवायचं, हा तुमचा कायदा. पहिले नंबर पंख्याखाली. मागं भिंतीला जीव गुदमरतो तिचा, म्हणून उठती. नाटक न्हाई ते! भूकंपात वर्षाची होती. माझ्या माहेरचं घर बसलं, पाळण्यावर लाकूड आडवं पडलं, खाली सुपाएवढी पोकळी ऱ्हायली. तेवढ्या हवेवर दुपारपर्यंत जगली पोरगी. माझी आई, अव्वा, हातभरावरच होती. तिच्या वाट्याला तेवढी पण आली न्हाई.

हे तुमाला त्या दिवशीच सांगायला आले होते. तुमी घड्याळ बघितलं आन् म्हणलात, कारणं नकोत, नाव काढू का तेवढं सांगा. मी गप्प बसले. बारावी हाय तिची, नाव काढलं तर कुठं जाणार? पोरीच्या पायी माणूस गप्प बसतं. आज पण बसले असते, पण तोंडातनं निघून गेलं.

असू द्या. नवी पेटी भरून देते, माझी चूक, माझ्या खर्चानं. काय? तुमच्या डोळ्यांदेखत? इश्वास न्हाई आता! बरोबर हाय तुमचं, मी तरी कशाला ठेवला असता. पण मग शिस्त माझी. ओतलं की धूळ बसायला नको, म्हणून दार बंद. पंखा बंद. वरनं हा बल्ब, ऊब लागती त्याला. रबर धरेपर्यंत कडी काढायची न्हाई—दीड तास.

हं, ओतलं. लावली कडी.

घाम पुसा सर, रुमाल हाय ना? अवो, आत्ता कुठं पाच मिनिटं झाली. दाराकडं काय बघून राहिलात? मागं भिंतीला टेकून बसा. उठायचं न्हाई.