अक्कलदाढेचा पुरावा

नाही नाही, फादर, तोंड मिटू नका — दुखलं तर हात वर करा, बोलायचं मात्र नाही. आणि घाबरू नका हो! परवा एकाची दाढ ओढली तर खुर्चीसकट माणूस वर आला, पण उतरवला की शेवटी! तुमची तशी नाही, तुमची नुसती आडवी आहे, शेजारणीच्या अंगावर रेलून बसलीय — अक्कलदाढ! म्हणून तर विचारतो, ही कुणी केली? आत्ता नका सांगू, आधी ऐका. मागच्या खोलीत बाबा कवळ्यांना पॉलिश करतायत, ते मशीन घुरघुरतंय तोवर मला मोकळं बोलता येतं.

बाबांचा देवाचा पुरावा तुम्ही ऐकलाच असेल, गिऱ्हाइकाच्या हातात कवळी ठेवली की सांगतातच — ‘ही आपोआप झाली म्हणाल का? मग खरे दात आपोआप कसे होतील?’ जन्मभर हेच. आणि गेल्या रविवारी, बहिणीच्या सासरचे सगळे जेवायला, मला काय दुर्बुद्धी सुचली — म्हटलं, बाबा, तुमच्या कारागिरानं जबडा न मोजताच दात केले वाटतं? अक्कलदाढेला जागाच ठेवली नाही! तुमची अशी कवळी गिऱ्हाइकानं परत आणून आपटली असती! झालं, सगळे खो खो हसले. बाबापण हसले. तोंडावर हात धरून.

दुखतंय? नाही ना. तर मला वाटलं, हसले म्हणजे मिटलं. पण दुसऱ्या दिवसापासून — ताट आलं की ते हात जोडतात, सवयीनं, मग माझ्याकडे नजर जाते, आणि तेच हात चमचा उचलतात. जणू चमच्यासाठीच पुढे आले होते! स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर ओशाळतात हो. बायको तर माझ्याशी बोलतच नाही. मीठ मागितलं तर मीठ ठेवते, बस्स.

तेव्हा द्या मला एखादा भक्कम पुरावा. पहिल्या कारणाचा वाचला — प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणजे मुळात कुणीतरी हवाच — तो मी आंघोळ करता करता मोडला. खोडच वाईट! मला मोडता येणार नाही असा हवा. या रविवारी जेवायला या, सगळ्यांदेखत हरवा मला, चांगलं नाक कापा. आणि — हसू नका, पकड आत आहे — ही लाज, जी मला आठवडाभर घास गिळू देत नाही, तिचा कारागीर कोण? हाही पुरावाच ना? पण तो बाबांना सांगायला तोंड नाही मला. काल मीच हात जोडले, मोठ्यानं प्रार्थना म्हटली. मी! अर्ध्यातच बाबा म्हणाले, ‘राहू दे. जेव.’ चिडून नाही हो. त्यांना खोटे दात लांबून ओळखू येतात.

आली बघा! मुळं किती वाकडी — हा घ्या कापूस. आता सांगा. सांगा ना. दाराकडे काय बघताय? मशीन — मशीन केव्हा बंद झालं?

बाबा… तुम्ही कधीपासून…

कापूस घट्ट चावून धरा, फादर. तासभर बोलू नका. कुणीच काही बोलू नका.