दोन्ही पाय पेडलवर

पंक्चर निघायची वाट बघत टायरवाल्याच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या अंगणात एक पिकअप उभी होती. मुलगा गाडीखाली आडवा झाला होता, आई ड्रायव्हरच्या सीटवर होती.

“आई, ब्रेक दाब.”

“दाबला.”

“धरून ठेव. मी सांगितल्याशिवाय सोडलास तर ब्रेकच्या पाइपात परत हवा शिरेल.”

“नवे पाइप घट्ट बसवलेस ना? जुना उतारावर फुटला होता.”

“बाबांना काही झालं का? मग कशाला उगाळतेस?”

“कुंपण आडवं आलं म्हणून वाचले. तुमच्या मात्र पोटातलं पाणी हलत नाही.”

“सोड. आता परत दाब. पेडल कसं लागतंय?”

“कडक.”

“मग झालं काम. दुपारी माल भरतो.”

“कडक म्हणजे, तळाला टेकलंय. त्याच्यापुढं जातच नाही.”

“अगं, ते कडक नव्हे. एवढं दाबलंस कशानं?”

“दोन्ही पायांनी.”

“म्हणजे ब्रेकच्या एबीएसच्या डब्यात हवा राहिलीय, म्हणून पेडल खाली जातंय. ती अशी निघत नाही, गॅरेजवाल्याचं मशीन लावावं लागतं. हळूहळू नेतो तिथपर्यंत.”

“उतारावरून?”

“पहिल्या गिअरमध्ये. आणि हँडब्रेक आहे की.”

“‘हळूहळू नेतो’ असंच तुझे बाबा म्हणाले होते. गाडी ओढून न्यायला कुणालातरी बोलाव. किल्ली माझ्याकडं आहे.”

“बरं, बोलावतो. पाय काढ आता.”

“तू आधी खालून बाहेर ये.”