टोपी बाजारातलं ऊन

तुम्ही हसाल, पण ग्वाल्हेरला मी रमले ती एका शब्दामुळे.

लग्नानंतरचा पहिलाच जानेवारी होता. धुकं असं, की समोरचं घर दिसेना. साताऱ्याहून आई रोज फोनवर विचारायची, "ऊन पडलं का गं?" आणि मी रोज रडवेल्या आवाजात म्हणायची, "नाही गं."

एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "चल, टोपी बाजारातून पिवळं ऊन घेऊन येऊ. तू मफलर विण."

मला वाटलं, थंडीनं ह्यांचं डोकं फिरलं. पण मिळत असेल तर हवंच होतं, म्हणून निघाले मागोमाग.

दुकानदारानं विचारलं, "कौन सी पीली, बहनजी? हल्दी वाली या सरसों वाली?" आणि लोकरीचे गुंडे समोर मांडले. तेव्हा कळलं, लोकरीला इथे हिंदीसारखं ऊनच म्हणतात. मी एक गुंडा गालाला लावला, तर खरंच कोवळा!

"हेच घेऊ," मी म्हटलं. "हे सकाळचं आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भैया, यही बांध दो. बहू को पसंद आ गई."

संध्याकाळी विणायला बसले, तेवढ्यात आईचा फोन. "ऊन पडलं का गं?"

"पडलं ना! मांडीवरून पडलं, आणि घरंगळत पलंगाखाली गेलं."

आई हळूच म्हणाली, "जरा सासूबाईंना फोन दे."

सासूबाई पलंगाखालूनच ओरडल्या, "काळजी नका करू विहीणबाई, ऊन सापडलं!"