कुटन्यात आपला हात धरनारा कोन?

...आन् समदी माझ्यावरच का वरडायलीत, सांगा की! गोळ्या कुटल्या, दरोडा घातला का काय? तुमाला सांगतो, पवनानगरला धरनाच्या कडंला आपलं तंबूचं काम हाय. पुन्याची पोरं मुक्कामाला येत्यात, बोटं चाटत म्हनत्यात, "हौशीरामभाऊ, ठेचा लय भारी!" खलबत्ता आपला, मनगट आपलं. कुटन्यात आपला हात धरनारा मावळात न्हाई!

तर आमचे आबा. दिवाळीच्या आदी अंगावरनं वारं गेलं, तवापासनं गिळाय येईना. आन् गोळ्या किती? पाच! एक गालात दडवत्यात, एक जिभंखाली, एक थेट उशीखाली... डॉक्टरांनी बजावलेलं, गोळ्या चुकल्या तर परत झटका यील. मग मी काय बगत बसू? बाप हाय माझा! म्हनलं, कुटायच्या. कुटन्यात आपला हात...

पाची गोळ्या टाकल्या खलबत्त्यात, दिला दनका, पार पीठ! वाटीभर शिऱ्यात कालवलं. आमची कारभारीन रेणुका म्हनली, "अवो, कुनाला इचारा तरी!" म्हनलं, कुटायला काय इचारायचं? पयला घास तोंडात गेला, आन् आबांचे डोळे ह्ये एवढे! ठसका, ठसका, नुसता ठसका! आदल्या दिशी ठेचा केलेला ना... धुतलेला की वो खलबत्ता! पन दगडातली मिरची धुतल्यानं जाती व्हय? तरी कसाबसा शिरा संपवला. तासाभरात आबा पांढरे फटक! मान कलली, हात गार... माझ्याच हातानं बाप चाललाय, दुसरं काय डोक्यात येईना.

जीपनं पळवलं. सलाईन लागली. दुपारी आबांनी डोळे उघडले तवा मी रडलो, लपवत न्हाई. डॉक्टरांनी झापलंच, वर मेडिकलवाली प्रेरणाताई, लेकीच्या वयाची पोर, "काका, ही बीपीची गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते! तुम्ही कुटून सगळं औषध एकदम पोटात घातलंत! प्रत्येक गोळी कुटायची नसते. जी चालते ती आधी विचारून, एकेक वेगळी, स्वच्छ भांड्यात, चमचाभर मऊ खाण्यात. आणि आबांना ताठ बसवून!"

घ्या! आता डॉक्टरांनी तीन औषदं बदलून पातळ दिली, एक गोळी पान्यात इरघळती, कुटायला उरली एक. एक! कुटन्यात आपला हात धरनारा मावळात न्हाई, आन् कुटायला एवढीशी गोळी!

बरं, ती तरी सुखानं द्यावी? आबा तोंडच उघडत न्हाईत. अडखळत म्हनत्यात, "पेर... णाला... इचारलं?" मग फोन लावायचा, आवाज मोठा करायचा, तिनं "हो आबा, चालेल" म्हनलं की मग आ!

काल नुसतं केळं कुस्करून नेलं, औषदाचा कन न्हाई त्यात. तरी तोंड गच्च! काय करता? बावन्न वर्साचा बाप्या मी, लावला फोन... "ताई, केळ्यात केळंच हाय. देऊ का?"