माणूस असशील तर

सेसिलिया : पाणी घालताना तू काय बोललीस, शेवंती? शब्दन् शब्द सांग.

शेवंती : पाद्रीबाबांनी शिकवलं तेच. मी आगरीन, बाई. पोर जगनार नाय असं दिसलं का सुईनीनं पानी घालून बाप्तिस्मा द्यायचा, एवढंच मना ठावं.

सेसिलिया : त्याच्या आधी काहीतरी बोललीस. मी शुद्धीवर होते.

ज्युलियाना : मीच बोलायला लावलं. 'तू माणूस असशील तर.' वरची कवटी नाय, पाठीचा कणा उघडा. असल्याला तसंच पाणी घालतात.

सेसिलिया : आई, त्याने माझं बोट धरलं होतं.

ज्युलियाना : खेकडा पण धरतो.

सेसिलिया : तुमचा नातू होता तो. अख्खी रात्र जगला.

ज्युलियाना : ग्रहणात विळीवर मासळी चिरलीस तेव्हा नातू आठवायचा होता. ठाण्याच्या मास्तरची पोर आणली, तिने हे दिलं.

शेवंती : विळीनं असं नाय होत, आई. ग्रहनभर कोंडून बसलेलीला पन झालेलं मी पाह्यलंय.

ज्युलियाना : तुला कोणी विचारलं? हात धू नि जा.

सेसिलिया : जा, पण देवळात जा. पाद्रींना विचार, 'असशील तर' म्हटलेल्याला देवळाच्या आवारात पुरतात का. मला माझं बाळ तिथेच हवंय.

(शेवंती होडीने खाडी ओलांडून ठाण्याला जाते. दुपार कलल्यावर कळव्याला परतते.)

शेवंती : चालतं म्हन्ले! शंका होती म्हनून तसं म्हटलं, पानी ते पानीच. पेटी घेऊन या म्हन्ले. आनि वहीत लिवायला नाव विचारलंय.

सेसिलिया : ऐकलंत, आई? लिओला म्हणावं, पेटी कर. बापाच्या हातची पेटी असू दे.

ज्युलियाना : लिओ आत्ताच मिठागरावरून आला. काम झालं.

सेसिलिया : कसलं काम?

ज्युलियाना : बांधाखाली. गोणपाटात. वर दगड ठेवलाय, कोल्हे उकरणार नाय.

शेवंती : मी येईपर्यंत तरी थांबायचं, आई!

ज्युलियाना : थांबले असते तर नाव द्यावं लागलं असतं. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव. चाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. त्यांचं नाव त्या गोळ्याला? पुढचा धडका होईल, त्याला देऊ.

शेवंती : पाद्रीबाबा वही उघडून बसलेत. काय सांगू?

ज्युलियाना : सांग, नाव नाय.

सेसिलिया : सांग, बस्त्याव.

ज्युलियाना : सासऱ्याचं नाव तोंडाने घेतेस?

सेसिलिया : घेतलं. जा शेवंती, लिहून होईपर्यंत तिथून हलू नकोस. आणि आई, पुढच्यासाठी तुम्ही दुसरं नाव शोधून ठेवा.